गाडीशोध, नोंद दुसरी: 230 घोडे की 110?

मागच्या नोंदीत यादीत पाच गाड्या होत्या, आता दोन उरल्यात. बाकीच्या कशा गळल्या ते दोन ओळींत उरकतो. आय20 एन लाइन दोनदा चालवली, छान वाटली, पण घरी आल्यावर आठवली नाही. अबार्थ पुंटोवर जुनं प्रेम आहे, पण एकेका पार्टसाठी कुर्ल्याच्या गल्ल्या धुंडाळायचं वय आता राहिलं नाही. नवी व्हर्टस जीटी घ्यायची तर बायकोच्या शब्दांत ‘स्वयंपाकघराचं काम विसरायचं’. म्हणून तीही गेली.

उरल्या त्या दोन सेकंडहँड. एक 2018 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230, दुसरी 2021 ची फोक्सवॅगन पोलो 1.0 टीएसआय, मॅन्युअल. कागदावर ही तुलनाच होऊ शकत नाही हे मलाही कळतं. आरएसचं दोन लिटर इंजिन 230 पीएस (म्हणजे घोडे) आणि 350 न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे ओढ) देतं, पोलोचं तीन सिलिंडरचं 999 सीसी इंजिन 110 पीएस आणि 175. टॉर्क बरोबर निम्मा. वजन मात्र निम्मं नाही: आरएस साधारण 1.4 टन, पोलो 1.1 च्या जरा आत. टनामागे पीएस काढले तर 160 ला 100. घरात दोन्ही गाड्यांचा खर्च सारखा नाही, पण ताणून दोन्ही बसतात. आरएसला जास्त ताण, इतकंच. (हो, ऑक्टाव्हियाला सेडान म्हणायचं का? मागची काच डिकीसकट वर उचलली जाते, म्हणजे खरं तर लिफ्टबॅक. पण सोसायटीत सगळे सेडानच म्हणतात, मीही म्हणणार.)

आता गेल्या दीड महिन्यात काय केलं ते.

स्विफ्टची साक्ष

जुनी स्विफ्ट विकण्याआधी तिच्या ओबीडी सॉकेटला (इंजिनाची माहिती इथून काढता येते) ब्लूटूथचं ते स्वस्तातलं डबडं लावलं आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं. ऑफिसचे 14 दिवस, मुलुंड पूर्व ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) आणि परत, एका बाजूला 22 किलोमीटर. पूर्व द्रुतगती महामार्गाने छेडानगर, पुढे चुनाभट्टीचा कनेक्टर. एकूण 33 तास झाले. सरासरी वेग ताशी 19 किलोमीटर.

आणि या 33 तासांत थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, निम्म्याच्या वर किती वेळ गेला? सहा मिनिटं. हा आकडा मी तीनदा तपासला. मला वाटायचं आपण जरा दाबूनच चालवतो.

अजून एक उद्योग केला. एका संध्याकाळी विक्रोळीपासून कनेक्टरपर्यंत क्लच किती वेळा दाबला ते बोटांनी मोजलं, दर दहाला स्टिअरिंगवर एक टिचकी. 143. नंतर मोजणं सोडून दिलं, कारण पुढचा रिक्षावाला ब्रेक लाइट नसलेला होता आणि माझं लक्ष टिचक्यांत.

मला हा हिशोब सरळसोट वाटला होता. शहरात ताकद वापरली जात नाही, म्हणजे शहराला छोटी गाडी आणि हायवेला मोठी. सगळे हेच सांगतात, मीही लोकांना हेच सांगत आलोय. टेस्ट ड्राइव्हने ते उलटं केलं.

घोडबंदर, रविवार, सकाळी सव्वासहा

आरएस मित्राच्या ओळखीतल्याची. रात्रभर पाऊस पडून गेलेला, रस्ता ओला. मोकळी सरळ पट्टी दिसली तशी दुसऱ्या गिअरला निम्म्याच्या थोडं वर दाबलं. आवाज फार नाहीच, पाठीमागून कुणीतरी हळूच पण न थांबता ढकलत राहावं तसं. पाठोपाठ ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा फडफडला आणि स्टिअरिंग हातात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे चुळबुळलं. सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर, त्यात ओला रस्ता, दुसरं काय होणार. मी पाय उचलला. मालक शेजारी बसून हसत होता.

पूर्ण टॉर्क 1500 आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो, त्यामुळे ‘आता टर्बो (इंजिनात जादा हवा फुंकणारा पंखा) उठेल’ अशी वाट बघायचीच नाही. खरं सांगतो, असं काही चालवून उतरल्यावर माणसाचं डोकं अर्धा दिवस ठिकाणावर राहत नाही.

पण माझ्या वहीत लाल पेनने लिहिलंय ते या दोन मिनिटांबद्दल नाही. परत येताना माजिवड्याला अडकलो. पाऊण तास. आणि या पाऊण तासात मला काहीही झालं नाही. गाडी ब्रेक सोडला की सरकते, धरला की थांबते. या सहा गिअरच्या डीएसजीतले (दोन क्लचांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) दोन्ही क्लच तेलात बुडालेले असतात, त्यामुळे सतत सरकत-थांबत राहिलं तरी उष्णता तेल वाहून नेतं. सात गिअरच्या छोट्या डीएसजीत कोरडे क्लच असतात, तिथे हीच इंच-इंच चाल त्यांना तापवते. अट एकच, हे तेल दर 60,000 किलोमीटरला बदललेलं पाहिजे, आणि त्याचं बिल बघितल्याशिवाय विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जायचं नाही.

म्हणजे ज्या गाडीला मी ‘हायवेची’ म्हणत होतो ती ट्रॅफिकमध्ये सोफ्यासारखी निघाली.

पोलो: एलबीएसवर शिव्या, कसाऱ्यात माफी

पोलो ऑफिसातल्या एकाची, शनिवार-रविवारसाठी मागून घेतली. शनिवारी संध्याकाळी मुद्दाम भांडुपच्या बाजूने एलबीएस मार्गावर घातली. छोट्या टर्बो इंजिनांचा स्वभावच असा की 1500 च्या खाली फुंकणारं कुणी नसतं. हिचा पूर्ण टॉर्क 1750 पासून पुढे. तोवर तुम्ही एक लिटरचं साधं तीन सिलिंडर ओढत असता, आणि पहिल्या गिअरला ताशी आठच्या वेगाने रांगायचं म्हणजे अर्ध्या क्लचवर जगायचं. सिग्नलला एकदा बंद पडली. दोष माझ्या पायाचा, स्विफ्टची सवय. मागच्या बेस्टने जो हॉर्न दिला तो मात्र वैयक्तिक होता. घरी आल्यावर डाव्या गुडघ्याला बर्फ लावला, ही अतिशयोक्ती नाही.

रविवारी नाशिक. आई तिथे असते, महिन्यातून दोनदा जाणं होतंच. भिवंडी बायपासच्या कामातून सुटल्यावर, शहापूर मागे टाकून कसारा घाट लागला आणि काल शिव्या दिल्या तीच गाडी वेगळी झाली.

घाटात वेगाला महत्त्वच नसतं. पुढे कंटेनर, ताशी 30 ने चढतोय, उजवी लेन मोकळी होते ती पाच-सहा सेकंद. तेवढ्यात 35 वरून 60-65 ला जाता आलं पाहिजे. आरएसमध्ये हे काम अंगठा दाबल्यासारखं होऊन जातं, तुम्ही काही केलंय असं वाटतच नाही. पोलोत आधी बघावं लागतं. कंटेनरच्या मागे असतानाच चौथ्यावरून तिसरा, वळण दिसलं तर थेट दुसरा, सुई 2000 च्या वर राखायची, मग लेन उघडली की पूर्ण दाबायचं. हो, पूर्ण. पेडल कार्पेटला टेकतं, 4500 पर्यंत इंजिन आनंदाने गुरगुरतं, आणि तरी वेग फार नसतो. गिअर चुकला तर ट्रकमागेच राहता, बरोबर पडला तर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटता. घाटनदेवीपर्यंत माझा शर्ट ओला आणि चेहरा हसरा होता.

तर चित्र असं उलटं पडलं: मोठी ट्रॅफिकला चांगली, छोटी घाटाला.

मग ऑफिसला गाडी कशाला?

हे बायकोने विचारलं, गुडघ्यावर बर्फ असताना. मुलुंडहून स्लो पकडून कुर्ला, तिथून बस किंवा शेअर रिक्षा. धरून सव्वा तास, म्हणजे गाडीइतकाच. एक आठवडा करून बघितलं. सकाळी 8 वाजून 20 च्या सुमाराला ठाण्याहून सुटलेली मिळाली तर उभं राहायला निदान माणसासारखी जागा असते. कुर्ल्याच्या पुलावर आयुष्याचा विचार करायला भरपूर वेळ मिळतो. जमलं. पुढचे दोन आठवडेही तसेच गेले आणि स्विफ्ट विकून टाकली.

आता तुम्ही म्हणाल, ट्रॅफिकचा प्रश्नच संपला तर आरएस घे की, शनिवार-रविवारची मजा. मीही तिथेच अडकलो होतो. तीन गोष्टींनी सोडवलं, आणि त्यातली एकही इंजिनाची नाही.

पहिली, आमचं पझल पार्किंग, म्हणजे ट्रेवर गाड्या ठेवून यंत्राने वरखाली सरकवायचं. टेप घेऊन खाली गेलो. ट्रेच्या दोन उंच कडांमधली मोकळी रुंदी माझ्या मापाने 1.92 मीटर. ऑक्टाव्हियाची रुंदी आरसे सोडून 1.81, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-साडेपाच सेंटिमीटर, आणि तेही टायर अगदी मधोमध पडला तर. पोलो 1.68. लांबीचं तसंच, 4.69 ला 3.97. वॉचमन काकांनी माझं मोजमाप बघून एवढंच विचारलं, “साहेब, अलॉय घासले तर कुणाला सांगणार?” शिवाय आमच्या वाट्याला खड्ड्यातली खालची ट्रे आहे. पावसाळ्यात एकदा तिथला पंप बंद पडून पाणी साचलं होतं, तेव्हापासून जूनमध्ये सगळे आळीपाळीने खाली डोकावतात. आठवडाभर गाडी तिथे न बघता ठेवायची तर ती कमी किमतीची बरी. विम्यातलं इंजिन प्रोटेक्शन कव्हर दोन्हीपैकी कुठलीही घेतली तरी काढणारच होतो. साध्या पॉलिसीत पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट मारून इंजिन गेलं तर तो खर्च सहसा अंगावर येतो.

दुसरी, मिळणाऱ्या आरएस. मुळात थोड्याच विकल्या गेल्या, पुढची आरएस 245 तर 2020 मध्ये 36 लाखांना नुसत्या 200 आल्या. पहिली बघितली ती नवी मुंबईत एका एजंटकडे. फोटोत चकचकीत. आमच्या मेस्त्रीने रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं: बॉनेट 115 मायक्रॉन, दरवाजे 120-130, डावा मागचा पत्रा 340. पुन्हा लावलं, 355. डिकीचं कार्पेट उचललं तर स्पेअर व्हीलच्या खोलगट भागात सीलंट बोटाने फासलेलं, कंपनीतलं सीलंट असं लडबडलेलं नसतं. “छोटासा टच होता,” एजंट म्हणाला. मेस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाला, “दादा, टच नाही, मिठी मारलीय कुणीतरी.” दुसरी आरएस फारच सुंदर होती, पण कर्नाटक पासिंगची. एनओसी आणा, महाराष्ट्राचा रोड टॅक्स वयाची घट धरून पुन्हा भरा (वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला दर 13 टक्के), तिकडचा परतावा मागत फिरा. हे सगळं करणारे आहेत, त्यांना नमस्कार.

तिसरी गोष्ट ती 48 सेकंदांची, तिच्याकडे येतो.

टोकन दिलं

पोलो नाशिकरोडलाच सापडली, आईच्या शेजारणीच्या ओळखीतून. काका नोट प्रेसमधून निवृत्त, गाडी मुलाची, मुलगा जर्मनीला गेलेला. “पोरगं जर्मनीला आणि जर्मन गाडी इथं, बघा ना काय गंमत,” असं ते तीनदा म्हणाले. चाकणला पोलो 2022 मध्ये बंद झाली, त्यामुळे चांगली मॅन्युअल टीएसआय दिसली की लोक झडप घालतात, हे काकांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. (नंतर अपराधी वाटून घासाघीस केली नाही.)

तपासणीची नोंद: पत्रा सगळीकडे 110 ते 130 मायक्रॉन. बंपर प्लास्टिकचे, तिथे हे यंत्र चालत नाही, म्हणून आतले क्लिप आणि बोल्टच्या डोक्यांवरचा रंग बघितला, पान्याच्या खुणा नाहीत. क्लच वरच पकडतो, पण घसरत नाही: चौथ्या गिअरला 2000 वरून पूर्ण दाबलं, सुई आणि वेग बरोबरीने वाढले. टायर 195/55 आर16, चारांवरही 2021 च्याच उत्पादन-आठवड्यांचे आकडे. नक्षी अजून शिल्लक आहे, पण बाजूला बारीक भेगा पडल्यात. इंजिनाला हात लावायच्या आधी टायर, हे ठरलंय. दोन्ही गाड्या ई20 साठी (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बनवायला लागण्याच्या आधीच्या, त्यामुळे पेट्रोलच्या होजवर लक्ष ठेवणार. 95 ऑक्टेनच्या पेट्रोलने खरंच फरक पडतो का, त्याची वेगळी नोंद टाकेन.

मालकी बदलाचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरून झाले, लोन नव्हतं म्हणून 35 ची (आरसीवरची बँकेची नोंद काढायच्या फॉर्मची) कटकट वाचली. आरसी नावावर व्हायची आहे.

मागच्या शनिवारी आपली गाडी घेऊन पहिल्यांदा कसारा चढलो, डबडं लावून. पायथ्यापासून इगतपुरीपर्यंत पूर्ण थ्रॉटल एकूण 48 सेकंद. निम्म्याच्या वर नव्हे, पूर्ण. आरएसमध्ये याच घाटात, याच ट्रकांमागे मी ते तीन सेकंदही करू शकलो नसतो. गिअर 31 वेळा बदलले, दोन चुकले, एकदा दुसऱ्याऐवजी चौथा पडला आणि कंटेनरच्या धुरात पुढचं अख्खं वळण काढलं.

बायको शेजारच्या सीटवर झोपली होती. इगतपुरीला चहासाठी थांबलो तेव्हा डोळे चोळत म्हणाली, “घाट आला का?”