दम कवा घेते रे हा?

दहावीच्या सुट्टीत मित्राच्या मोठ्या भावानं नागपूरच्या हॉस्टेलवरून एक राइट केलेली सीडी आणली, वर मार्करनं नुसतं "इंग्लिश मिक्स" लिहिलेलं. त्यात एमिनेम होता, अमेरिकेचा रॅपर. २००३ साल, परतवाडा, मे महिना, कूलरचा आवाज गाण्यापेक्षा मोठा. शब्द एक कळायचा नाही पण पाठ सगळं, म्हणजे आवाज पाठ, लहानपणी आरतीत आपण ठणकावून "फळीवर वंदना" म्हणायचो ना, अगदी तसंच. शिव्या द्यायचा म्हणे तो. असेल, आई शेजारी बसून तांदूळ निवडायची आणि मी मान डोलवायचो, कोणालाच काही प्रॉब्लेम नव्हता.

त्यात माझ्या इयरफोनचा उजवा कान मेलेला. मला माहीतच नव्हतं की गाणं अर्धंच ऐकतोय. पुण्यात पहिल्या पगारातून धड हेडफोन घेतले, तेच जुनं गाणं लावलं आणि उजवीकडून कोणीतरी एकदम "हं!" केलं. दचकलो राव. मग लक्षात आलं की हा माणूस स्वतःच्याच मागे उभा राहून स्वतःला दाद देतोय, ओळीचा शेवटचा शब्द परत म्हणतोय, मध्येच हसतोय. इतकी वर्षं मी एकट्याला ऐकत होतो आणि तिथे अख्खा कट्टा भरलेला होता.

या रॅप-हिपहॉपची सुरुवात कशी झाली ते नंतर वाचलं. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्रॉन्क्स, बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे म्हणून बिल्डिंगच्या हॉलमध्ये तिकीट लावून पार्टी, आणि रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ, कूल हर्क. त्यानं हेरलं होतं की गाणं थांबून नुसता ड्रम सुरू झाला की पोरं पेटतात, पण तो तुकडा काही सेकंदांत संपतो. मग एकाच रेकॉर्डच्या दोन कॉपी घ्यायच्या, एक संपली की दुसरी, तोच तुकडा परत परत. वाचून हसू आलं, कारण गाण्यातला आवडता म्युझिक पीस परत ऐकायला मीही रिवाइंड दाबून दाबून बाबांच्या टेपचं बटण मोडलं होतं. त्याच्याकडे दोन टर्नटेबल होते, मला दोन फटके मिळाले.

पण खरी पंचाईत झाली ती रॅप समजायला लागल्यावर. मुंबईचं हिंदी रॅप आलं, कुर्ल्याच्या नेझीनं आयपॅडवर व्हिडिओ काढला, पुण्याचा एमसी स्टॅन आला, सगळं आवडीनं ऐकलं. मग एकदा अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ऐकला. नाव लिहितो १०० आरबीएच, हिंदीतलं सौ आणि पुढे आरबीएच, म्हणजे सौरभ, मला हे कळायला लाज वाटण्याइतका वेळ लागला. आणि तो चक्क वऱ्हाडीत.

आता माझं असं की पुण्यात आल्यावर पहिल्या महिन्यातच "काहून" सोडलं होतं. मेसमध्ये एकदा "काय करून रायला बे" म्हटलं तर पोरं महिनाभर मला तेच ऐकवत होती. मग "का" शिकलो, "आहे" नीट म्हणायला लागलो, घरी फोन करायचा तर गॅलरीत जाऊन. आणि इथे हा गडी तीच भाषा बीटवर ठेवून छाती काढून बोलतोय. एमिनेमच्या गाण्यावर मान डोलवता यायची, इथे मान हललीच नाही. प्रत्येक शब्द कळत होता ना.

दिवाळीला आईला गाडीतून घेऊन येताना फोन स्पीकरला जोडलेला राहिला आणि तेच सुरू झालं. बंद करायला हात गेला, ती म्हणाली राहू दे. बडनेऱ्यापर्यंत ऐकत बसली.

"आपल्याइकडचाच दिसते हा," मग म्हणाली, "पण दम कवा घेते रे?"

मागे घेऊन परत लावलं. चौथ्या ओळीनंतर घेतो, अगदी हळूच.