ट्रॅक डेला जायचंय आणि पैसे कमी आहेत? मग आधी ब्रेककडे बघा

गेल्या दोन वर्षांत माझे ११ ट्रॅक डे झाले, सगळे माझ्या जुन्या हॅचबॅकमधून, जी मी रोज कामालाही नेते. त्यामुळे ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच की एवढ्या कमी पैशात जमवतेस कसं, कुठली गाडी घेऊ, आधी काय बदलून घेऊ. फोनवर प्रत्येकाला तेच तेच सांगून झालं म्हणून आता एकदा नीट लिहून ठेवते. माझं म्हणणं एवढंच आहे की खिसा लहान असेल तर गाडी जोरात पळवण्यावर एक पैसाही घालू नका, जे काय आहे ते गाडी थांबवण्यावर आणि स्वतः शिकण्यावर घाला. मी सुरुवातीला नेमकं उलटं केलं होतं, पहिल्या दिवसाच्या आधी भारीतला एअर फिल्टर आणि मोठा सायलेन्सर बसवला आणि ब्रेककडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि ते पैसे गेले ते गेलेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ट्रॅक डे म्हणजे रेस नाही. आयोजक सर्किट दिवसभरासाठी घेतात, ड्रायव्हरांचे अनुभवाप्रमाणे गट पाडतात, आणि प्रत्येक गटाला साधारण २० मिनिटांचं सेशन मिळतं, असे दिवसात चार-पाच. ओव्हरटेक फक्त ठरलेल्या सरळ पट्ट्यांवर, तेही पुढच्याने हात दाखवून बाजू दिली तरच. नंबर नाही, बक्षीस नाही, बऱ्याच ठिकाणी तर लॅपची वेळ लावायलाही बंदी असते. सकाळी ब्रीफिंगमध्ये झेंडे समजावतात ते मात्र कान देऊन ऐका, पिवळा म्हणजे पुढे काहीतरी घडलंय, वेग कमी करा आणि ओव्हरटेक बंद, लाल म्हणजे सेशन थांबलंय, सावकाश आत या, काळा झेंडा तुम्हाला दाखवला तर तुम्हालाच आत बोलावलंय. हे सगळं आधी एकदा नुसतं बघून या, गाडी न घेता. पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करतात त्या आवारात, दिवसभर फिरलं, लोकांशी बोललं, कोणाची गाडी का बंद पडली ते पाहिलं की जे शिकायला मिळतं त्याला काही मोल नाही, आणि काही क्लब तर ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणाऱ्या मार्शलचं काम करणाऱ्यांना मोबदल्यात ट्रॅकवर वेळही देतात.

आता माझा पहिला दिवस. पहिली दोन सेशन्स छान गेली, अंगात जोर आला, तिसऱ्यात मी सरळ पट्ट्याच्या शेवटी जरा उशिरा ब्रेक मारायला लागले. चौथ्या की पाचव्या लॅपला त्याच जागी पाय दाबला आणि पेडल नेहमीच्या जागी थांबलंच नाही, ओल्या स्पंजवर पाय पडल्यासारखं खाली जात राहिलं. गाडी हळू होतेय पण पाहिजे तेवढी नाही, वळण जवळ येतंय, मी पाय उचलून पुन्हा दाबला, मग पुन्हा, तिसऱ्या वेळी कुठे पेडल वर आलं आणि पकड मिळाली. वळण कसंबसं घेतलं, हात वर केला आणि सावकाश आत आले. गाडी लावली आणि सवयीने हँडब्रेक ओढला, तर शेजारचे इन्स्ट्रक्टर धावत आले, "अगं सोड तो, सोड, गिअरमध्ये ठेव नुसती!" तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक लावून ठेवला की पॅड, म्हणजे चाकाची डिस्क धरून गाडी थांबवणारे तुकडे, त्याच एका जागी आवळून बसतात, उष्णता तिथेच कोंडते. मग त्यांनी विचारलं, "ब्रेक फ्लुइड कधी बदललंय?", म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारा द्रव. मला सांगताच येईना. सर्व्हिसची वही काढून पाहिली तर तीन वर्षांपूर्वीची नोंद.

हे का झालं ते समजून घेतलं की पुढचा सगळा हिशोब आपोआप सुटतो. वेग वाढतो तशी गाडीतली ऊर्जा वर्गाने वाढते, म्हणजे १०० वरून १४० वर गेलात तर वेग ४० टक्के वाढला पण ब्रेकला जिरवायची ऊर्जा जवळपास दुप्पट झाली. माझी गाडी माझ्यासकट साधारण १,००० किलो धरा. ती ताशी १४० वरून ६० वर आणायची तर जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात दीड-पावणेदोन लिटर गार पाणी उकळीला येईल. हे एका वळणासाठी, आणि तेही तीन-चार सेकंदांत! अशी जोरदार ब्रेकिंगची वळणं एका लॅपमध्ये तीन-चार, आणि असे लॅप २० मिनिटं. रस्त्यावर ब्रेकला मध्ये गार व्हायला वेळ मिळतो, ट्रॅकवर मिळत नाही.

ही उष्णता पॅडमधून ते दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये, तिथून फ्लुइडमध्ये जाते. नेहमीचं ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा हळूहळू ओढून घेतं आणि तसा त्याचा उत्कलनबिंदू खाली येत जातो. डॉट म्हणजे फ्लुइडची प्रत, त्यात डॉट ४ चं ताजं फ्लुइड निदान २३० अंश सेल्सिअसला टिकलं पाहिजे असा नियम आहे, पण ओलावा मुरलेल्या फ्लुइडसाठी हीच मर्यादा १५५ आहे. डॉट ३ ची २०५ आणि १४०. डॉट ५.१ ची २६० आणि १८०. फ्लुइड उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं. माझ्या बाबतीत हेच झालं होतं. पॅडचा फेड, म्हणजे फार तापून पॅडची पकड जाणं, वेगळा असतो, त्यात पेडल घट्टच राहतं पण गाडी थांबत नाही. दोन्हीतला फरक पायाला ओळखता आला पाहिजे, कारण औषध वेगळं आहे.

तर पहिला खर्च ताजं फ्लुइड. ट्रॅकसाठीचं चांगलं फ्लुइड ३०० अंशांच्या वर उकळतं, ते बदलायचं आणि चारही चाकांच्या ब्रेकमधून हवा नीट काढून घ्यायची, एवढ्या कमी पैशात एवढा फरक पाडणारं दुसरं काही मला माहीत नाही. फक्त एक, डॉट ५ घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं, नावात ५.१ च्या जवळ वाटलं तरी त्यात मिसळत नाही. दुसरा खर्च पुढचे पॅड. रस्त्यावर आणि ट्रॅकवर दोन्हीकडे चालतील असे मधले घ्या, नुसते रेसचे पॅड गार असताना नीट धरत नाहीत आणि तुम्हाला त्याच गाडीतून घरी यायचंय. नवीन पॅड बसवले की ते बेड करायचे, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा ब्रेक दाबायचा, पूर्ण न थांबता, आणि मग गार होईपर्यंत नुसतं चालवायचं. आणि प्रत्येक सेशनचा शेवटचा लॅप ब्रेकला हात न लावल्यासारखा सावकाश मारायचा, हे फुकट आहे आणि तरी निम्मे लोक करत नाहीत, मला याचा खरंच राग येतो.

टायरचं सांगते. सुरुवातीला महागडे चिकट टायर अजिबात नकोत. साधा चांगला टायर सुटायच्या आधी ओरडतो, हळूहळू सरकतो, तुम्हाला सांगतो की आता पुरे. भारी टायर बराच वेळ गप्प राहतो आणि सुटतो तेव्हा वेग खूप जास्त असतो, आणि तोवर तुमची चूक तो झाकत असतो. टायरमधल्या हवेचा अंदाज घ्यायला मला एकाने खडूची युक्ती शिकवली, टायरच्या कडेला, जिथे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते, तिथे खडूच्या आडव्या रेघा ओढायच्या आणि सेशन झालं की बघायचं रेघ कुठपर्यंत पुसली. बाजूच्या भिंतीवर बरीच खाली गेली असेल तर टायर वळणात लोळतोय, हवा कमी आहे. नक्षीच्या कडेलाही पोचली नसेल तर हवा जास्त. टायर तापला की हवा पाच-सहा पीएसआयने सहज वाढते, म्हणून आल्या आल्या गरम असतानाच मोजायची आणि वहीत लिहायची. माझ्या वहीत ११ दिवसांचे आकडे आहेत आणि ती वही मी कोणालाही देणार नाही 😊

पण सगळ्यात जास्त फायदा कशाचा झाला म्हणाल तर शेजारी बसलेल्या माणसाचा. दुसऱ्या ट्रॅक डेला मी इन्स्ट्रक्टरची फी भरली, त्यासाठी एक ट्रॅक डे सोडावा लागला, आणि परत तशी वेळ आली तर परत सोडेन. पहिल्याच वळणाला त्यांनी विचारलं, "नजर कुठेय तुझी?" मी म्हटलं, "सर, वळणावर." "वळणावर कुठे? तू बॉनेटच्या पुढचा रस्ता बघतेयस. बाहेर कुठे पडायचंय तिथे बघ." तेवढंच केलं आणि स्टिअरिंगवरचे हात शांत झाले, म्हणजे मी काही वेगळं केलं नाही, नजर पुढे गेल्यावर हात आपोआप कमी फिरायला लागले. मग त्यांनी ब्रेक कसा सोडायचा ते शिकवलं. मी ब्रेक मारायला शिकले होते, सोडायला नाही, पाय एकदम उचलायचे, त्यामुळे पुढच्या चाकांवर आलेलं वजन झटक्यात मागे जायचं आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळ जायला बघायची. हळूहळू सोडलं की नाक आत येतं, अगदी मनात आणल्यासारखं.

आणि एक धोक्याची गोष्ट, पुढच्या चाकांना ताकद असलेल्या छोट्या गाड्यांमध्ये हमखास होणारी. वेगात लांबलचक वळण चालू आहे, वाटलं जरा जास्तच वेग आहे म्हणून घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीची मागची बाजू बाहेर फिरते. माझी एकदा अर्धी फिरली आणि गवतात थांबली. त्या क्षणी डोकं सांगतं पाय काढ, आणि तोच पाय काढायचा नसतो, थोडा तसाच ठेवून हात जरा सैल करायचे. हे रस्त्यावर कधीच शिकता येणार नाही, म्हणून तर ट्रॅकवर यायचं.

गाडी कुठली? शक्यतो जी आहे ती. हलकी असेल तर फारच उत्तम, कारण हलक्या गाडीत टायर, ब्रेक, पेट्रोल सगळंच कमी जळतं. पहिली माझदा एमएक्स-५, १९८९ ची, साधारण ९५० किलोची होती आणि इंजिन नुसतं १.६ लिटरचं, आणि आजही जगभर ट्रॅक शिकणारे ती शोधत असतात, ते काही तिच्या ताकदीसाठी नाही. जड आणि खूप ताकदीची जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका, ती विकत घेताना स्वस्त असते, तिचे डिस्क आणि टायर नवीन गाडीच्याच भावात मिळतात. आणि हे मनापासून सांगते, कर्ज असलेली गाडी किंवा घरात एकच असलेली आणि गेली तर कामावर जाता येणार नाही अशी गाडी ट्रॅकवर नेण्याआधी दहा वेळा विचार करा. रस्त्याचा विमा ट्रॅकवर बहुतेक वेळा लागू नसतो, पॉलिसी काढून वाचा. मी दर वेळी निघताना स्वतःला विचारते, आज ही गाडी भिंतीवर गेली तर मी उद्यापासून बसने जाऊ शकेन का. उत्तर हो आलं तरच जाते. एकदा नाही आलं तेव्हा घरी थांबले, फी बुडाली. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग सर्किटची जुनी नॉर्डश्लाइफ, २०.८ किलोमीटरची, तिचं स्वप्न मलाही आहे, पण तिथे गार्डरेल तोडला तर त्याचं बिलही तुम्हालाच येतं, त्यामुळे पहिली दुसरी वारी तिथे नको.

हेल्मेट उसनं आणू नका. स्नेल संस्थेची एम खूण मोटरसायकलसाठी असते आणि एसए गाडीसाठी, एसएमध्ये आगीची चाचणी होते, त्यामुळे आयोजकांना कुठलं चालतं ते आधी विचारा. ऑइल पूर्ण खुणेपर्यंत भरा, लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं आणि पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो, इंजिन गेलं की सगळंच गेलं. चाकांचे नट किती घट्ट झाले ते मोजणाऱ्या टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला, सकाळी एकदा आणि पहिल्या सेशननंतर परत. मॅट, बाटल्या, जॅक सगळं बाहेर. बाटली घरंगळत ब्रेक पेडलखाली गेलेली मी पाहिलीये.

हिशोबाचं म्हणाल तर मी प्रत्येक दिवसाची फी भरताना तेवढीच रक्कम वेगळी ठेवते, त्यातून टायर, पॅड, फ्लुइड निघतं, पेट्रोल मात्र वेगळं धरा, ट्रॅकवर रोजच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट लागतं. वेगळी ठेवायला पैसे नसतील तर तो दिवस परवडत नाही असं समजते. मधल्या महिन्यांत भाड्याच्या कार्ट चालवते, नजर आणि लाइन, म्हणजे वळणातून जायचा मार्ग, तिथेही तीच शिकता येते आणि गाडी दुसऱ्याची असते. दोन मित्रांनी एक गाडी वाटून घ्यायची कल्पना चांगली आहे पण मग गाडीला विश्रांती मिळत नाही, माझ्या दोन ओळखीच्यांचे पॅड अशाने एका दुपारी लोखंडापर्यंत गेले.

परवाच्या अकराव्या दिवशी तेच सर्किट होतं, तोच सरळ पट्टा. पाचव्या सेशनच्या शेवटच्या जोरातल्या लॅपला ब्रेक दाबला आणि पेडल सकाळी होतं तिथेच, तेवढंच घट्ट. हळू सोडलं, नाक आत आलं, बाहेर पडायची जागा आधीच दिसत होती. पॅडॉकमध्ये येऊन गाडी गिअरमध्ये ठेवली, हवा मोजली, वहीत लिहिली. पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड आता जवळपास गुळगुळीत झालीये, दोन नवीन टायरचे पैसे जमायला अजून दोन महिने लागतील, तोवर कार्टिंग.