एका दोरीला तीन गऱ्या

दिवाळीत विजयदुर्गला मामाकडे गेलो की संध्याकाळी जेटीवर गरवायला बसायचं, हे लहानपणापासूनचं. एक दोरी, एक गरी म्हणजे गळाचा आकडा, गरीला कोळंबीचा तुकडा. पण बांगड्याचा थवा जेटीजवळ आला की ही पद्धत अपुरी पडते. थवा कधी दहा मिनिटं थांबतो, कधी तेवढाही नाही. एक मासा काढून, पुन्हा आमिष लावून दोरी टाकेपर्यंत पाणी रिकामं झालेलं असतं. म्हणून गेल्या वर्षी ठरवलं, एकाच दोरीला अनेक खोटी आमिषं लावायची.

सुरुवात विकतच्या साबिकीने केली. ही जपानी पद्धत. एका मुख्य दोरीला आखूड फांद्या, प्रत्येक फांदीला बारीक गरी, गरीवर चमचमणारं काहीतरी, आणि सगळ्यात खाली शिसं. माझ्या पाकिटात सहा गऱ्या होत्या. पहिल्याच संध्याकाळी दोन बांगडे एकदम लागले, ते गोल गोल फिरले आणि वर आला तो नुसता गुंता. तो सोडवायला मी अर्धा तास घालवला. शेजारी मामा हातदोरीने एकेक मासा काढत होते. म्हणाले, "झिला, इतक्यो गऱ्यो कित्याक?"

रात्री ओट्यावर ती दोरी पसरून मोजपट्टी लावली आणि चूक दिसली. फांद्या बारा सेंटीमीटरच्या आणि दोन फांद्यांमधलं अंतर वीस. म्हणजे वरची गरी खाली लोंबली आणि खालची मासा वर घेऊन आली की दोघी एकमेकींत अडकणारच. अंतर फांदीच्या दुपटीपेक्षा जास्त हवं, मग त्या एकमेकींपर्यंत पोचूच शकत नाहीत. मी फांदी पंधरा सेंटीमीटर आणि अंतर चाळीस धरलं. पण या अंतराने सहा गऱ्या बांधल्या तर वरचं-खालचं धरून दोरी पावणेतीन मीटरच्या जवळ जाते आणि माझा रॉड सात फुटांचा. वरचा स्विव्हल, म्हणजे दोरी जोडायची फिरती कडी, रॉडच्या टोकाच्या कडीला येऊन अडकतो तेव्हा खालचे मासे पाण्यातच असतात, ते जेटीवर घेता येत नाहीत. तीन गऱ्या ठेवल्या की सगळं दीड मीटरमध्ये बसतं. तीन हा आकडा असा आला.

दुसऱ्या दिवशी स्वतः बांधायला बसलो. मुख्य दोरीला ०.४५ मिमीचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, फांद्यांना ०.३०, आणि शिसं बांधायला त्याहून बारीक ०.२५. ही उतरण मुद्दाम आहे. जेटीखाली खडक आहेत. शिसं खडकात अडकलं तर सगळ्यात बारीक दोरा तुटतो आणि मासे लागलेल्या गऱ्या हाती राहतात.

फांदीसाठी मुख्य दोरीतच फास काढायचा. दोरीचा एक वेढा करून तिलाच पाच-सहा पीळ द्यायचे, मधला पीळ बोटाने उघडून त्यातून वेढ्याचं टोक बाहेर काढायचं, ते दातात धरायचं आणि दोन्ही बाजू ओढायच्या. ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करायला विसरू नका. कोरडी गाठ आवळली की घासून तापते आणि तंगूस तिथेच कमजोर होतो. माझ्या पहिल्या चार गाठी अशाच गेल्या, थोडा झटका दिला आणि पटकन तुटल्या. पाचवी नीट बसली तेव्हा फार आनंद झाला.

आमिषाबाबतही शिकावं लागलं. मी आधी कोंबड्याची लांब पांढरी पिसं बांधली होती. बांगडा जवळ यायचा, वळून जायचा. तो पाण्यातले बारीक जीव, माशांची पिल्लं खाणारा; त्याला जवळ्याएवढं काहीतरी दिसायला हवं. पिसं कापून दोन सेंटीमीटरची केली, सोबत मामीच्या जुन्या लुगड्याच्या जरीचा एक धागा. मग लागू लागले.

दोरी टाकून शिसं तळाला टेकवायचं, दोन-तीन फूट वर घ्यायचं आणि हळू उचलत, सोडत राहायचं. तीन गऱ्यांचा एक फायदा मला आधी सुचला नव्हता. सारखी वरचीच गरी लागत असेल तर थवा वर आहे, दोरी आणखी उचलायची. खालचीच लागत असेल तर खाली सोडायची.

आणि पहिला झटका बसला की रील फिरवायची घाई करायची नाही. मामांनी हात धरून थांबवलं होतं, "एक लागलो म्हणान ओढू नको. वायच थांब." अडकलेल्या माशाच्या धडपडीने फांद्या हलतात, पिसं नाचतात आणि बाकीचे येतात. दोरी मात्र ताठ ठेवायची.

एक सांगणं काळजीने करतो. मासे वर आल्यावर आधी शिसं पकडा आणि दोरी ताणून धरा. मी एकदा थेट मासा धरला, त्याने उसळी घेतली आणि वरची मोकळी गरी अंगठ्यात रुतली. तेव्हापासून गऱ्यांचे उलटे काटे पकडीने दाबूनच बांधतो, आणि पकड कायम खिशात असते. शेंगाळा आला तर त्याला हात लावूच नका, त्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचे काटे विषारी असतात.

भाऊबीजेच्या संध्याकाळी ओहोटी लागलेली होती. पहिला झटका बसला, मी थांबलो. दुसरा. मग रॉड एकदम वाकला. तीन बांगडे, तिन्ही गऱ्यांना एकेक, आणि गुंता नाही. थवा निघून जायच्या आत आणखी दोनदा तसंच झालं. मामीने रात्री तिरफळ घालून तिखलं केलं.

जेवताना मामा म्हणाले, "माका पण एक बांधून दी." त्यांच्या हातदोरीला रॉडच्या लांबीची अडचण नाही, म्हणून त्यांच्यासाठी चार गऱ्यांची बांधली. अंतर त्यांनी स्वतः हाताने मोजून पाहिलं, दोन विती.