आत माया ठेवली आहे

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाने माझ्यापुढे कागद ठेवला. वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर, तीस शब्दांत बसवायचा. बाबांनी जन्मभर हिशेब लिहिले, त्यांना हे जमेल, असा त्याचा समज. ‘प्रेमळ पत्नी, माता व आजी’ इथवर मी आलो. पुढे त्याने सुचवलं, ‘मनमिळाऊ’. मी पेन खाली ठेवलं. मनमिळाऊ ती अजिबात नव्हती. न आवडलेल्या माणसाशी दोन वाक्यांपलीकडे बोलायची नाही आणि आवडलेल्याला तोंडावर सुनवायची. वाद घालायचं त्राण नव्हतं, म्हणून तो शब्द तसाच छापून आला. तिने वाचला असता तर विचारलं असतं, “ही कोण बाई?”

इथे शब्द मोजायचे नाहीत, म्हणून ती कोण बाई ते लिहितो.

ती शिवायची. धंदा म्हणून नाही. घरच्यांचं, आणि शेजारपाजारचं हट्टाने कुणी आणून दिलं तर. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी हप्त्यांवर घेतलेलं पायाचं मशीन शेवटपर्यंत टिकलं. पट्टा किती वेळा बदलला देव जाणे. दर पंधरा दिवसांनी ती शटल काढून त्यातलं कापसासारखं साचलेलं किटण जुन्या ब्रशने झाडायची, तेलाचे थेंब सोडायची आणि मग एका चिंधीवर नुसतीच टीप मारत बसायची, वरचं तेल चिंधीत उतरेपर्यंत. त्या चिंध्यांवर उभ्या-आडव्या टिपांच्या जाळ्या तयार व्हायच्या. त्यातली एक मी पाकिटात ठेवली आहे. बाकीच्या मुलीने आवराआवरीत टाकून दिल्या. तिला कुठे माहीत होतं!

सुती कापड आधी भिजवून वाळवल्याशिवाय ती बेतायची नाही. पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि मग शिवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली जातात, हे तिचं म्हणणं. कापडाच्या कात्रीला कुणी हात लावायचा नाही, हा दुसरा नियम. मी एकदा त्या कात्रीने वर्तमानपत्रातलं कात्रण कापलं. कागदाने धार जाते, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक स्वस्तातली छोटी कात्री येऊन पडली, दांड्याला लाल दोरा बांधलेली. ती माझी. अजून तिनेच कागद कापतो.

पण आमचा खरा वाद असायचा मायेवरून. टिपेच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात ती माया. कुणी अर्धा-पाऊण इंच सोडतं. ही मुलांच्या कपड्यांत कडेला दीड इंच सोडायची आणि खालची दुमड चांगली चार बोटं. मी म्हणायचो, “अगं, किती कापड आत वाया घालवतेस?” त्यावर ती मान वर न करता, “अहो, मुलं काय तुमच्या वह्या आहेत, महिनाअखेरीला जुळायला?” मुलं वाढली की टीप उसवायची, बाहेरून नवी मारायची. आमच्या मुलीचा एकेक फ्रॉक चार चार वर्षं चालला. कुणी या शब्दावरून हळवं बोलू लागलं की तिला हसू यायचं. “माया म्हणजे उसवायची सोय,” म्हणायची, “बाकी काही नाही.”

एक गोष्ट लिहायलाच हवी. मुलं लहान असताना मी रात्री घरी वह्या घेऊन बसायचो आणि त्या खडखडाटाने माझी बेरीज चुकायची. एकदा चिडून बोललो, “हे यंत्र बंद कर, नाहीतर मी तरी बाहेर जातो.” ती काही बोलली नाही. मशीनवर झाकण घातलं. त्यानंतर रात्री मशीनचा आवाज मी कधी ऐकला नाही, आणि मला वाटलं, हिचं शिवणं कमी झालं. परवा मुलगी सहज म्हणाली, “आई पहाटे चारला उठून शिवायची, स्वयंपाकघराचं दार लावून. मशीनखाली जाड सतरंजी घालायची.” इतकी वर्षं त्याच घरात मी झोपलेला होतो.

मशीनच्या बाबतीत माझा उपयोग एकच. चाळिशी उलटल्यावर तिला जवळचं दिसेना. मी लहानपणापासून लघुदृष्टीचा. चष्मा काढला की नाकाजवळचं लख्ख दिसतं. मग हाक यायची, “अहो, जरा ओवून द्या.” मी चष्मा कपाळावर सरकवून दोरा ओवायचो. मशीनच्या सुईचं नेढं टोकाकडे असतं, हेही मला तेव्हाच कळलं. पुढे ती माझ्यासाठी एकदम दहा हातसुया मांडून ठेवायला लागली, म्हणजे मी बाहेर गेलो तरी तिचं अडायला नको.

आजारपणाचं लिहीत नाही. चार महिन्यांत आटोपलं, एवढं पुरे.

नातीसाठी तिने शेवटचा फ्रॉक शिवला तेव्हा नात सहा वर्षांची होती. गडद निळा, सुती. आता ती नऊची आहे आणि दुसरा कुठलाही घालायला तयार नाही. मागच्या रविवारी मुलगी तो मोठा करायला बसली. ब्लेडच्या कोपऱ्याने एकेक टाका उचलत होती, कापडाला ओरखडा न लावता. हात हुबेहूब आईचा. दुमड उलगडली आणि आम्ही तिघंही बघत राहिलो. बाहेरचा निळा धुवून धुवून आकाशी झाला होता. आतली चार बोटांची पट्टी अजून गडद होती, दुकानातून आणल्यासारखी. मध्ये सुईच्या भोकांची बारीक रांग.

“हे वेगळं दिसेल,” मुलगी म्हणाली. “वर लेस लावू का?”

“नको,” नात म्हणाली. “दिसू दे.”

मुलगी मशीनपाशी बसली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला. तिने यंदा पंचेचाळिशी ओलांडली आहे. मग माझ्याकडे न बघताच तिने दोरा पुढे केला. “बाबा, जरा ओवून द्या ना.”

मी चष्मा कपाळावर सरकवला.