हलक्या हाताची मालिश

श्रावणात कासाराकडे बांगड्या भरायला बसले. उजव्या हातात सहज चढलेल्या बांगड्या डाव्यात काही केल्या जाईनात. डाव्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं आणि त्यात काखेतल्या लसिका ग्रंथीही काढल्या होत्या. हात जड वाटतोय, ब्लाऊजची बाही रुततेय, हे मी कितीतरी दिवस अंगावर काढलं होतं.

माझ्या बाळंतपणात मालिश करणाऱ्या मावशींकडून हात चोळून घेतला. कोमट तेल लावून त्यांनी छान रगडला. दुसऱ्या दिवशी सूज आणखी वाढली. त्यांना बोल लावणार नाही, ग्रंथी काढल्याचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

मग फिजिओथेरपिस्टकडे गेले. ग्रंथी काढल्यामुळे लसिका, म्हणजे पेशींभोवतालचं जादा पाणी, नीट वाहून जात नाही आणि हात सुजतो, ह्याला लिम्फिडिमा म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. लसिका वाहून नेणाऱ्या नळ्या त्वचेच्या अगदी खालीच असतात, नाजूक असतात. रगडलं की त्या दबतात, वर रक्तपुरवठा वाढून आणखी पाणी पेशींच्या मधल्या जागेत झिरपतं.

पहिल्या दिवशी त्यांनी सुजलेल्या हाताला बराच वेळ हातच लावला नाही! सुरुवात मानेपासून, गळपट्टीच्या हाडाच्या वरून, कारण लसिका तिथेच शिरांमधल्या रक्ताला जाऊन मिळते. मग उजवी काख, मग डावी जांघ. नंतर दंड, आणि मनगट सगळ्यात शेवटी. माझं माहेर शेतकऱ्याचं. पाट तुंबला की आधी पुढचा गाळ काढायचा, मागून पाणी सोडून उपयोग नाही, हे लहानपणी पाहिलेलं. त्यामुळे लगेच पटलं. तेलाचा थेंब नाही, कारण हात घसरता कामा नये. त्वचा फक्त हळूच ताणायची आणि सोडायची. दुखलं तर दाब जास्त झाला असं समजायचं. ही पद्धत डेन्मार्कच्या एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनी 1930 च्या दशकात बसवली.

तीन आठवडे रोज गेले. मालिशीपेक्षा बँडेजने माझी जास्त परीक्षा पाहिली. बोटांपासून काखेपर्यंत थरावर थर, दिवसरात्र. कणीक मळणं बंद, वेणी लेक घालायची. पण मालिशीने हललेलं पाणी परत भरू नये म्हणून ते हवंच. बँडेज बांधून मुठी उघडझाप करायच्या, म्हणजे स्नायू आतून पाणी पुढे ढकलतात. दर चार सेंटीमीटरवर टेप लावून माप घ्यायचे. कोपराच्या वर दोन्ही हातांत साडेचार सेंटीमीटरचा फरक होता, तो दोनवर आला. पूर्ण गेला नाही, जाईल असं मला कुणी सांगितलंही नव्हतं.

आता दिवसा कॉम्प्रेशन स्लीव्ह, म्हणजे हातावर दाब देणारी घट्ट बाही, सकाळी पंधरा मिनिटं स्वतःच मालिश. एक मात्र कळकळीने सांगते: हात लाल किंवा गरम झाला, ताप आला, तर मालिश लगेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तो जंतुसंसर्ग असू शकतो, त्यावर औषधच लागतं. आणि हात जड वाटायला लागला की तेव्हाच दाखवा, बांगडी अडकेपर्यंत थांबू नका.