चादरी सोडवल्या का?

डबल बेडच्या चादरीची घडी एकटीने नीट पडत नाही. समोरून कुणीतरी दोन टोकं धरावी लागतात, झटकावी लागते, मग एकमेकींकडे चालत यायचं. आमच्या घरी हे काम माझं आणि आईचं. अलीकडे ते करताना मला हटकून मारिया आठवते.

मारिया म्हणजे इटालियन दिग्दर्शक डी सिकाच्या 'बायसिकल थीव्ह्ज'मधली नायकाची बायको. सिनेमा १९४८चा. सगळे बोलतात ते सायकलबद्दल आणि बापलेकाबद्दल, तेही बरोबरच आहे. युद्ध संपून तीन वर्षं झालेलं रोम, नवऱ्याला भिंतींवर पोस्टरं चिकटवायचं काम मिळतंय, पण अट सायकलची आणि सायकल गहाण पडलेली. मारिया तावातावाने पलंगावरच्या चादरी ओढून काढते. चादरीवाचून काय झोप लागत नाही का, म्हणते.

गहाणाच्या खिडकीवरचा माणूस कापड चाचपतो. वापरलेल्या आहेत, म्हणतो. ती सांगते, लग्नातल्या आहेत, चांगलं कापड आहे, आणि दोन तर कोऱ्या. थोडी घासाघीस होऊन साडेसात हजार लिरा हातात पडतात. मग एक कामगार ते गाठोडं घेऊन मांडणीवर चढायला लागतो. चढतो, चढतच राहतो. वर पार छतापर्यंत गाठोडीच गाठोडी. कुणी एक शब्द बोलत नाही. अर्ध्या रोमने अंगाखालचं काढून तिथे ठेवलंय, हे आपल्याला त्या शिडीगत चढणीवरून कळतं. इटलीच्या त्या काळातल्या गरिबीवर मी बरंच काही वाचलंय, पण त्या मांडणीएवढं काही लक्षात राहिलेलं नाही.

या सिनेमाला एक अमेरिकन निर्माता पैसे द्यायला तयार होता, फक्त नायक हॉलिवूडचा स्टार कॅरी ग्रँट हवा होता. डी सिकाने नाही म्हटलं आणि लँबेर्तो माज्जोरानी या कारखान्यातल्या कामगाराला उभं केलं. बरं झालं. कॅरी ग्रँटच्या चादरी गहाण पडल्यात यावर कोण विश्वास ठेवणार? डी सिका आणि लेखक झावात्तिनी या जोडीचा जीवच अशा बारीकसारीक कामांत. त्यांच्याच 'उम्बेर्तो डी' सिनेमातली मोलकरीण सकाळी उठून कॉफी दळते आणि बसल्या बसल्या पाय लांब करून पायाच्या बोटाने दार लोटते. गोष्ट तसूभर पुढे सरकत नाही. तरी तो प्रसंग मी कितीदा मागे नेऊन पाहिलाय.

जानेवारी १९५२मध्ये देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला, तेव्हा ही सायकल इथेही येऊन गेली. पुढच्या वर्षी बिमल रॉयांचा 'दो बिघा जमीन' आला. त्यातल्या रिक्षावाल्याला पाहताना कुळी लगेच ओळखू येते.

मागच्या महिन्यात एका दुपारी आईला तो इटालियन सिनेमा दाखवला. इंग्रजी ओळी वाचायचा तिला कंटाळा, म्हणून मी अधूनमधून सांगत होते. फार सांगावं लागलं नाही. मारियाचा छोटा मुलगा ब्रुनो सोडवून आणलेली सायकल पुसतो आणि तिला नवा पोचा आलाय म्हणून गहाणवाल्यांवर करवादतो, तेव्हा ती हसली. कामाला निघता निघता तो खिडकी ओढून घेतो, पलंगावरच्या तान्ह्याच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून. तिथे ती म्हणाली, "शहाणं गं पोर."

शेवट झाला. बापाच्या हातात ब्रुनोचा हात, दोघं गर्दीत दिसेनासे झाले. मी डोळे पुसत होते. सायकल चोरीला गेली, नोकरीही जाणार, असं काहीतरी बोलू लागले. आई चष्मा काढून पदराने पुसत होती.

"ते कळलं गं मला," ती म्हणाली. "पण तिच्या चादरी? त्यात दोन कोऱ्या होत्या ना?"