तुम्ही विचारलंत म्हणून: एसटीची पाटी दिसते, गोळ्यांचं पाकीट का नाही?

चष्म्याच्या दुकानात बसतो त्यामुळे आठवड्यातून चारदा तरी हा प्रश्न येतोच. परवा पन्नाशीचे एक काका आले, म्हणे लांबून येणाऱ्या एसटीची पाटी वाचतो मी पण गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख काही लागत नाही, मोबाईलने डोळे गेले का हो माझे?

नाही हो काका, चाळिशी आहे ही. चष्म्यालाच आपण चाळिशी म्हणतो, इतकं ते वेळेवर येतं.

आता गंमत अशी की प्रकाश वळवायचं साधारण दोन तृतीयांश काम डोळ्याच्या आतलं भिंग करतच नाही, ते करतो पुढचा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक थर. पण त्याचा आकार ठरलेला, तो बदलत नाही. जवळ-लांब जुळवायचं काम मात्र भिंगाचं. भिंगाभोवती गोल स्नायू आणि दोघांच्या मधे बारीक बारीक दोरे. लांब बघताना स्नायू सैल असतो, दोरे ताणलेले, भिंग चपटं. जवळ बघताना स्नायू आवळतो आणि दोरे ढिले पडतात, मग भिंग आपसूक फुगतं. उलटं वाटतं ना? मलाही शिकताना वाटलेलं. चादर चारी बाजूंनी ताणून धरलेली माणसं एकेक पाऊल आत आली की चादर कशी सैल पडते, तसंच ते.

भिंगावर जन्मभर नवे थर चढत राहतात आणि ते हळूहळू कडक होत जातं. दहा वर्षांचं पोर 7-8 सेंटीमीटरवरचं पण वाचतं, पन्नाशीत तेच अंतर अर्ध्या मीटरच्या आसपास जातं, म्हणजे हातच पुरत नाही! दोरे ढिले होतात पण भिंग फुगतच नाही, त्याला मोबाईल काय करणार. (मायनस नंबरवाले मात्र मजेत, चष्मा काढला की वाचतात.)

बाकीची मंडळी कामावर हजर असतात. पाकीट जवळ आणलं की दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, बाहुल्या बारीक होतात, मेंदूचा हुकूम एकच. बाहुली बारीक झाली की डोळ्याच्या मागच्या पडद्यावरचा, जिथे चित्र उमटतं तिथला, धूसरपणा कमी होतो, म्हणून तर लोक पाकीट घेऊन उन्हात जातात. काकांना हे पटेना. मग मी व्हिजिटिंग कार्डाला टाचणीने भोक पाडलं, म्हटलं एक डोळा झाका आणि यातून बघा. एवढ्याशा भोकातून प्रकाशाची बारीक रेघच आत जाते, भिंगाला फारसं काही करावंच लागत नाही. पडदा आणि डोळ्याची नस धड असली की अक्षर लागतं.

काकांनी कार्ड डोळ्याला लावलं, पाकीट पुढे धरलं, जरा वेळ गप्प.

"अहो, ही तर मार्चलाच संपलीये!"